परदेशात ठेवलेल्या गाडीचा तात्पुरता विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहायचं ब्रिटनमध्ये आणि वर्षातून दोन-चारदा स्पेन, फ्रान्स किंवा पोर्तुगालमधल्या घरी जाऊन तिथली गाडी गॅरेजबाहेर काढायची, अशी सोय करून ठेवलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. गाडी महिनोन् महिने उभी आणि वापर जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा, म्हणून तात्पुरता विमा सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. कधी तो खरंच सोयीचा ठरतो, तर कधी अंगाशी येतो. फरक कुठे पडतो ते खाली सविस्तर दिलं आहे.

गाडी स्पॅनिश नंबरप्लेटची आहे, मी ब्रिटनमध्ये राहतो. ब्रिटनमधली विमा कंपनी नाही का म्हणते?

कारण विमा मालकाच्या पत्त्यावर ठरत नाही, नंबरप्लेटवर ठरतो. गाडीवर ज्या देशाची प्लेट, त्या देशात तिची जोखीम आहे असं युरोपीय कायदा धरतो. तिचा विमा उतरवायचा तर कंपनीला त्या देशात धंदा करण्याची परवानगी हवी. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटिश कंपन्यांना एकाच परवान्यावर सगळ्या युरोपीय संघात पॉलिसी विकता येत होती. ती सोय ब्रेक्झिटबरोबर गेली.

दुसरं कारण नोंदीचं आहे. विमा उतरवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्या त्या देशाच्या यादीत जाते. स्पेनमध्ये ती फिवा, फ्रान्समध्ये एफव्हीए आणि ब्रिटनमध्ये एमआयडी. पोलीस प्लेट टाकून हीच यादी पाहतात. स्पॅनिश प्लेट ब्रिटिश यादीत जात नाही, त्यामुळे तुमच्या हातात कुठलाही कागद असला तरी स्पेनच्या रस्त्यावर ती गाडी बिनविम्याचीच दिसेल.

तेव्हा पहिला शोध प्लेटच्या देशात घ्या : तिथली कंपनी, किंवा तिथे परवाना असलेला आणि इंग्रजीत कागदपत्रं देणारा दलाल.

तात्पुरता विमा किती दिवसांचा मिळतो?

देशागणिक वेगळा. फ्रान्समध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तिथे १ ते ९० दिवसांची पॉलिसी मिळते आणि ऑनलाइन अर्ध्या तासात हातात येते. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्या १ ते २८ दिवस देतात, पण ब्रिटिश प्लेटच्याच गाडीला. स्पेनमध्ये दिवसांवर विमा देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. वार्षिक पॉलिसी हाच तिथला रिवाज.

जर्मनीत विमा थेट प्लेटशी बांधलेला असतो. कुर्त्सत्साइट-केनत्साइखेन ही अल्पमुदतीची प्लेट जास्तीत जास्त ५ दिवस चालते आणि तिच्या उजव्या कडेच्या पिवळ्या पट्टीवर शेवटची तारीख छापलेली असते. गाडी देशाबाहेर कायमची न्यायची असेल तर लाल पट्टीची निर्यात-प्लेट मिळते. दोन्हींसाठी आधी विमा घ्यावा लागतो, मगच प्लेट हातात पडते.

त्यात नेमकं काय मिळतं?

बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान केलं त्याची भरपाई. युरोपीय संघाच्या नियमानुसार किमान मर्यादा अशी आहे : शारीरिक इजेसाठी एका अपघातामागे ६४.५ लाख युरो किंवा प्रत्येक जखमीमागे १३ लाख युरो, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका अपघातामागे १३ लाख युरो. एक प्रीमियम भरला की हे संरक्षण संघातल्या सगळ्या देशांत लागू होतं.

स्वतःच्या गाडीची चोरी, आग, काच, पत्रा हे यात सहसा नसतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चूक तुमची असेल तर तुमच्या स्वतःच्या दुखापतीला थर्ड पार्टीतून एक पैसाही मिळत नाही. शेजारी बसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला भरपाई मिळेल, चालवणाऱ्याला नाही. चालकाच्या इजेचं वेगळं कलम घेता येतं. फ्रान्समध्ये त्याला गारांती द्यु कोंद्युक्तर म्हणतात. तात्पुरत्या पॉलिसीत ते देऊ केलं असेल तर नक्की घ्या.

गाडी मधले महिने आवारात नुसती उभी असते. तेव्हाही विमा लागतो का?

बहुतेक ठिकाणी लागतो. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

तात्पुरता विमा घेणाऱ्याचा हिशोब साधा असतो : ऑगस्टचे २० दिवस आणि नाताळचे १० दिवस विमा घेतला, उरलेले अकरा महिने गाडी फाटकाआड, मग पैसे कशाला भरायचे? पण नोंदणी चालू असलेली आणि चालण्याजोगी गाडी खाजगी जागेत उभी असली तरी तिचा विमा हवा, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. प्रकरण पोर्तुगालचं होतं. तब्येतीमुळे एका बाईंनी गाडी चालवणं सोडलं होतं. गाडी अंगणात लावलेली, विमा बंद केलेला, पण नोंदणी रद्द केलेली नव्हती. मुलाने न विचारता गाडी बाहेर काढली आणि अपघातात तो धरून तिघं गेले. मृतांच्या नातेवाइकांना पोर्तुगालच्या हमी निधीने, म्हणजे बिनविम्याच्या गाड्यांच्या अपघातात भरपाई देणाऱ्या निधीने, सुमारे ४.३७ लाख युरो दिले आणि ती रक्कम मालकिणीकडे मागितली. अशी वसुली करता येते, असं न्यायालयाने मान्य केलं. बाईंनी किल्ली कुणाच्या हाती दिलेली नव्हती, हे ध्यानात घ्या.

नंतरच्या दुरुस्तीनुसार २३ डिसेंबर २०२३ पासून रीतसर रस्त्याबाहेर काढलेल्या गाड्यांना देश सूट देऊ शकतात. यातला 'रीतसर' हा शब्द महत्त्वाचा. गाडीवर कापड घालून ठेवणं म्हणजे रीतसर नव्हे. तुमच्यापुढे हे मार्ग आहेत :

स्पेनमध्ये वाहतूक खात्याकडे, म्हणजे डीजीटीकडे, बाहा तेम्पोराल हा तात्पुरत्या बंदीचा अर्ज करता येतो. मुदत एक वर्षाची असते आणि वाढवता येते. त्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. येण्याआधी बंदी उठवून विमा चालू करायचा, आणि या क्रमातला एकही टप्पा विमानतळावर उतरल्यावर करायला ठेवू नका.

जर्मनीतली हंगामी प्लेट या कामासाठी फार छान आहे. वर्षातले २ ते ११ महिने निवडायचे, त्या महिन्यांचे आकडे प्लेटवरच उजवीकडे एकाखाली एक छापलेले असतात. उरलेल्या काळात गाडी खाजगी जागेत ठेवायची. तेव्हाही तिला मर्यादित विमा असतो.

फ्रान्समध्ये कंपनीला सांगून वार्षिक पॉलिसी 'वापरात नाही' या स्वस्त प्रकारात बदलून घेणं सगळ्यात व्यवहार्य. आणि गाडी रस्त्याबाहेर असल्याचा ब्रिटनचा सॉर्न हा दाखला गाडी ब्रिटनमध्ये उभी असेल तरच उपयोगाचा. स्पेनमधल्या गॅरेजात तो लागू होत नाही.

विम्याशिवाय पकडलो गेलो तर?

स्पेनमध्ये दंड ६०१ ते ३,००५ युरो, शिवाय गाडी महिनाभर जप्त होऊ शकते. फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडल्यास ठरीव दंड सहसा ७५० युरो आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ३,७५० युरोपर्यंत. पण दंडाची रक्कम एकवेळ भरून टाकता येते. अपघात झाला तर हमी निधी जखमीला पैसे देतो आणि मग पै न् पै तुमच्याकडून वसूल करतो. माणूस कायमचा अपंग झाला असेल तर ही वसुली आयुष्यभर चालते.

पॉलिसी घेताना काय काय लागतं?

पासपोर्ट, वाहन परवाना, पैसे भरायला कार्ड आणि गाडीचं नोंदणीपत्र. नोंदणीपत्र भाषेमुळे अवघड वाटतं, पण युरोपीय संघात त्यावरची सांकेतिक अक्षरं सगळीकडे सारखी आहेत. फ्रान्सचं कार्त ग्रीझ असो की स्पेनचं परमिसो दे सिर्कुलासिओन, अक्षर शोधा आणि पुढची माहिती जशीच्या तशी उतरवा :

- ए : नंबरप्लेट
- बी : पहिल्या नोंदणीची तारीख
- सी.१ : नोंदणीधारकाचं नाव
- डी.१ आणि डी.३ : कंपनी आणि मॉडेल
- ई : चासी नंबर
- पी.१ : इंजिनाची क्षमता, घन सेंटिमीटरमध्ये
- पी.२ : ताकद, किलोवॅटमध्ये

दोन चुका नेहमी होतात. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. जे ओ वाटतंय ते शून्य आहे, जे आय वाटतंय तो एक आहे. दुसरी चूक ताकदीची. अर्जात हॉर्सपॉवर विचारला असेल तर किलोवॅटला १.३६ ने गुणा, ८१ किलोवॅट म्हणजे ११०. फ्रान्समध्ये पी.६ समोरचा लहानसा आकडा कराच्या हिशोबाचा असतो. तो हॉर्सपॉवर म्हणून लिहिला की ११० च्या जागी ६ जातं आणि क्लेमच्या वेळी कंपनी त्यावर बोट ठेवते.

सी.१ समोर तुमचं नाव नसेल, उदाहरणार्थ गाडी अजून आधीच्या मालकाच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर ते कंपनीला आधी सांगा आणि उत्तर लेखी घ्या.

पॉलिसी कोणत्या वेळेपासून सुरू होते?

कागदावर तास-मिनिटं छापलेली असतात, ती वाचा. फ्रान्स आणि स्पेन ब्रिटनच्या एक तास पुढे आहेत, पोर्तुगालची मुख्य भूमी ब्रिटनच्याच वेळेवर चालते. सुरुवात शक्यतो पोहोचण्याच्या वेळेआधी काही तास ठेवा आणि शेवट परतीच्या दुसऱ्या दिवशी. विमान रद्द झालं आणि रात्री गाडी पुन्हा घरी न्यावी लागली, की त्या एका जादा दिवसाची किंमत कळते. संपलेली पॉलिसी मागच्या तारखेने वाढवून मिळत नाही.

गाडी ब्रिटिश प्लेटचीच आहे आणि ती मी तिकडे ठेवून देतो. मग तर ब्रिटिश विमा चालेल ना?

चालेल, पण मुदतीपुरता. ब्रिटिश वार्षिक पॉलिसीत परदेशातल्या वापराला मर्यादा असते, अनेकदा ३० ते ९० दिवसांची. त्यानंतर संरक्षण कायद्याने लागणाऱ्या किमान पातळीवर येतं. शिवाय गाडीचा ब्रिटिश रोड टॅक्स आणि एमओटी, म्हणजे तिथली वाहन तपासणी, चालू लागतात, आणि एमओटीसाठी गाडी ब्रिटनलाच न्यावी लागते. एमओटी संपलेली ब्रिटिश गाडी परदेशी गॅरेजात अडकून पडल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. १२ महिन्यांच्या वर गाडी बाहेर ठेवायची तर कायमची निर्यात म्हणून डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, कळवावं लागतं.

याहून अवघड बाब सीमाशुल्काची. १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनची गाडी युरोपीय संघात तात्पुरती आलेला परदेशी माल ठरते. तिथला रहिवासी नसलेल्या माणसाला ती साधारण ६ महिने करमुक्त वापरता येते. मुदत उलटली तर शुल्क आणि व्हॅट मागितला जाऊ शकतो. तिथे राहणाऱ्या मित्राला ती चालवायला देणं हाही नियमभंग होऊ शकतो. तात्पुरत्या विम्याने यातलं काहीच सुटत नाही. गाडी तिकडेच राहणार असेल तर तिला तिकडची प्लेट लावून घ्या.

ग्रीन कार्ड लागतं का?

ग्रीन कार्ड म्हणजे परदेशात गाडीला विमा असल्याचा दाखला. ब्रिटिश गाडीला युरोपीय संघात तो २ ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही, आणि संघातल्या गाडीला संघात लागत नाही. मोरोक्को, तुर्कस्तान, अल्बानिया इथे जाताना लागतं. ही पद्धत १९४९ पासून चालू आहे, आणि नाव हिरवं असलं तरी १ जुलै २०२० पासून हे कार्ड पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं. कार्डावरच्या देशांच्या चौकटीत फुली मारलेली असेल तर त्या देशात संरक्षण नाही. तात्पुरत्या पॉलिसींमध्ये अशा फुल्या जास्त असतात. कोसोव्होत ग्रीन कार्ड चालत नाही, तिथे सीमेवरच विमा विकत घ्यावा लागतो.

फ्रान्सने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या गाड्यांच्या काचेवरची हिरवी चिठ्ठी बंद केली. जुनी चिठ्ठी नाही म्हणून घाबरू नका.

भाऊ किंवा मुलगी गाडी चालवणार असेल तर?

त्यांचं नाव पॉलिसीत हवं. तात्पुरत्या विम्यात बहुधा एकच चालक धरलेला असतो, किमान वय २१ किंवा २३ आणि परवान्याला दोन वर्षं पूर्ण अशी अट असते. युरोपबाहेरचा परवाना अनेक कंपन्या स्वीकारत नाहीत, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असला तरीही. रस्त्यावर चालवायला तो परवाना कायदेशीर असू शकतो, पण कंपनीने तो मान्य करणं ही वेगळी गोष्ट. दोन्ही आधी विचारा.

वाहन तपासणीची मुदत उलटली आहे. विमा रद्द होतो का?

आपोआप रद्द होत नाही आणि समोरच्या जखमीची भरपाई थांबत नाही. पण दंड होतो, स्पेनमध्ये आयटीव्ही संपली असेल तर २०० युरो, फ्रान्समध्ये कोंत्रोल तेक्निक नसेल तर १३५ युरो, आणि ब्रेक किंवा टायरचा दोष अपघाताला कारण ठरला तर कंपनी तुमच्याकडे वळते. स्पेनमध्ये ४ ते १० वर्षांच्या गाडीची तपासणी दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. फ्रान्समध्ये ४ वर्षांनंतर दर २ वर्षांनी. तारीख संपत आली असेल तर मुक्कामाच्या पहिल्या सकाळची वेळ निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.

पोहोचलो तर बॅटरी मेलेली. तात्पुरत्या पॉलिसीत मदत मिळते का?

सहसा नाही. रस्त्यावरची मदत हा जादा भाग असतो, आणि तो घेतला असला तरी घराच्या दारात बंद पडलेल्या गाडीला मदत मिळेलच असं नाही. फ्रान्समध्ये 'शून्य किलोमीटर' असा शब्द पॉलिसीत असेल तरच दारापासून मदत मिळते, नाहीतर घरापासून २५ किंवा ५० किलोमीटरपलीकडे.

खरा उपाय निघण्याच्या दिवशी करायचा असतो. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करायला हवी, १२ वर आली की ती जवळजवळ रिकामी. अलार्म आणि घड्याळ बंद गाडीतही वीज ओढत राहतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत चांगली बॅटरीही उतरते. गॅरेजात वीज असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लावून जा. नसेल तर निगेटिव्ह टोक सोडवून ठेवा. त्याआधी रेडिओचा कोड लिहून घ्या, आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर बॅटरी डिकीत नाही ना ते बघा. सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओट, म्हणजे दगड किंवा लाकडी ठोकळा, लावा, म्हणजे ब्रेक पॅड चिकटून बसत नाहीत.

अपघात झाला तर काय करायचं?

गाडीत युरोपीय अपघात-फॉर्मची कोरी प्रत ठेवा. फ्रान्समध्ये त्याला कोंस्ता आमियाब्ल म्हणतात. मांडणी सगळ्या भाषांत सारखीच असल्याने समोरच्याच्या हातातला फ्रेंच फॉर्म तुमच्या इंग्रजी फॉर्मशी रकाना-रकान्याने जुळतो. डावीकडे निळा भाग ए गाडीचा, उजवीकडे पिवळा बी गाडीचा.

सगळं वजन १२ क्रमांकाच्या रकान्यात आहे. तिथे 'उभी होती', 'पार्किंगमधून निघत होती', 'लेन बदलत होती', 'मागे घेत होती' अशा १७ चौकटी आहेत. जी लागू आहे तीच खूण करा आणि खाली खुणांची संख्या लिहा, म्हणजे नंतर कोणी वाढवू शकत नाही. दोष कोणाचा हे कंपन्या या खुणांवरून आणि १३ क्रमांकाच्या आकृतीवरून ठरवतात, तुमच्या लांबलचक पत्रावरून नाही. पटत नसेल तर १४ क्रमांकात 'मला मान्य नाही' असं आपल्या भाषेत लिहा. जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. दोघांच्या सह्या झाल्या की फॉर्मच्या दर्शनी पानात काही बदलता येत नाही. वाकलेल्या पत्र्यासोबत दोन्ही प्लेट आणि रस्त्यावरचे पट्टे येतील असे फोटो घ्या.

कंपनीला कळवायची मुदत फ्रान्समध्ये ५ कामाचे दिवस, चोरी असेल तर २. स्पेनमध्ये ७ दिवस. सुट्टी संपेपर्यंत थांबलात की ही मुदत निघून जाते.

बेत बदलला तर पैसे परत मिळतात का?

बहुधा नाही. लांबून, म्हणजे ऑनलाइन किंवा फोनवर, घेतलेल्या विम्यावर १४ दिवसांत मन बदलण्याचा हक्क असतो, पण एक महिन्याहून कमी मुदतीच्या पॉलिसींना तो सहसा लागू होत नाही. तिकीट पक्कं झाल्याशिवाय पॉलिसी घेऊ नका.

नो क्लेम बोनस जमतो का?

तात्पुरत्या विम्यावर जमत नाही. उलट वार्षिक पॉलिसी सोडून काही वर्षं तुकड्या-तुकड्यांनी विमा घेतलात तर जमलेला बोनसही शिळा होतो. वार्षिक पॉलिसी बंद करताना क्लेमचा इतिहास लेखी मागून घ्या. फ्रान्समध्ये कंपनीने तो १५ दिवसांत द्यायचा असतो.

मग तात्पुरता घ्यावा की वार्षिक?

आमचं मत स्पष्ट आहे. गाडी तिथेच राहणार असेल तर कमी किलोमीटरची वार्षिक थर्ड पार्टी पॉलिसी घ्या. दिवसाचा दर तात्पुरत्या विम्यात बराच चढा असतो. वर्षात तीन-चार फेऱ्या झाल्या की दोन्हींची बेरीज शेजारी मांडून पाहा. वार्षिक थोडी महाग पडली तरी उभ्या गाडीची चिंता मिटते. तात्पुरता विमा तीन प्रसंगी योग्य : गाडी नुकतीच घेतली आहे आणि घरी न्यायची आहे, गाडी विकायला किंवा तपासणीला न्यायची आहे, किंवा ती रीतसर रस्त्याबाहेर आहे आणि थोड्या दिवसांसाठी परत काढायची आहे. पहिल्या प्रसंगात एक सवलत लक्षात ठेवा : संघातल्या एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात न्यायची असेल तर ताबा घेतल्यापासून ३० दिवस विमा पोहोचायच्या देशातून घेता येतो.

पॉलिसी खरी आहे हे कसं ओळखायचं?

समाजमाध्यमांवर निम्म्या किमतीत पॉलिसी विकणारे दलाल खरी कंपनी, खरा नमुना वापरतात आणि फक्त नोंद करत नाहीत. कागदावरच्या कंपनीचा नंबर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, फोन करून पॉलिसी क्रमांक आणि प्लेट वाचून दाखवा. यादीत नोंद दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात, तोवर पॉलिसी आणि पैसे भरल्याची पावती छापून गाडीत ठेवा.

तिकडच्या प्लेटची गाडी चालवत ब्रिटनला आलो तर?

विमा चालेल, गाडी चालणार नाही. ब्रिटनच्या रहिवाशाला परदेशी प्लेटची स्वतःची गाडी ब्रिटनच्या रस्त्यावर नोंदणीशिवाय वापरता येत नाही. गाडी कायमची आणली असेल तर १४ दिवसांत नोव्हा या नोंदीतून महसूल खात्याला कळवायचं, शुल्क भरायचं, मग डीव्हीएलएकडे नोंदणी. ब्रिटिश प्लेट लागली की तिकडची पॉलिसी संपवायची आणि त्या दिवसापासून विमा ब्रिटनमध्ये घ्यायचा. जुन्या देशातली नोंदणी रद्द करायला विसरलात तर तिथला वाहनकर आणि विम्याच्या नोटिसा तुमच्या जुन्या पत्त्यावर येत राहतात.